गोलकीपरची तोंडी परीक्षा

ज्या वर्षी आमच्या कॉलेजचा निकाल फार चांगला लागला, त्याच वर्षी आमची हॉकीची टीम संपली. या दोन गोष्टींचा संबंध बाहेरच्या माणसाला लगेच कळायचा नाही. आम्हाला मात्र निकाल फळ्यावर लागला त्याच मिनिटाला कळला. आमच्या टीमचा कणा म्हणजे वर्षानुवर्षं शेवटच्या वर्गात मुक्काम ठोकून राहिलेली मुलं. इतर कॉलेजांच्या टीम दर वर्षी नव्या आणि कच्च्या, आमची मात्र चांगली मुरलेली. आमचा सेंटर हाफ तर इतका जुना होता की नवे प्राध्यापक त्याला सहकारी समजून 'सर' म्हणायचे, आणि तोही मोठ्या मनानं ते चालवून घ्यायचा. अशी ती अनुभवी मंडळी त्या वर्षी पेपर सोपे निघाल्यामुळे एका दमात पास झाली. हॉलमध्ये अभिनंदनाची सभा चालू होती आणि मैदानावर चिटपाखरू नव्हतं.

सगळ्यात मोठं नुकसान गोलकीपरचं. त्याला सगळं कॉलेज 'कपाट' म्हणायचं. तो गोलमध्ये उभा राहिला की मागची जाळी दिसायची बंद व्हायची. स्वभावही तसाच, उघडलं तर उघडं, नाहीतर दिवसभर मिटलेलं. हा कपाट गणितात अडकला होता, आणि त्याला गणितातून सोडवणारा मी. त्याची उत्तरपत्रिका पास होण्याच्या जरा अलीकडे येऊन दमली होती. मला वाटलं, किती वर्षं ठेवायचं याला इथं? याच्या बरोबरीच्यांची मुलं शाळेत जायला लागली. मी एका गणिताला पद्धतीचे मार्क दिले आणि कपाट पलीकडे सरकला. स्टाफरूममध्ये पुढे कित्येक दिवस माझी ओळख 'आपल्या गोलवर गोल करणारे सर' अशी करून देत होते.

प्राचार्यांनी मला बोलावलं. प्राचार्य हा शांत माणूस. ते ओरडत नसत. राग आला की पेन्सिलींना टोक करत. मी गेलो तेव्हा टेबलावर बऱ्याच पेन्सिली तयार होत्या.

"सर, तुमच्या कृपेनं गोलकीपर पास झाला म्हणे."

"अभ्यास केला असेल त्यानं."

"असेल, असेल." एक पेन्सिल संपली, दुसरी घेतली. "खेळाचे सर बदलून गेले. टीम पास होऊन गेली. कमिटीचं म्हणणं, एवढं मोठं मैदान नुसतं पडून राहणार, तर तिथं गाड्या ठेवायला शेड घालू. मी म्हटलं, टीम असेपर्यंत नको. आता ते विचारतायत, टीम दाखवा."

"मग काय करायचं?"

"कॉलेजांच्या सामन्यात आपले अकरा जण मैदानात उतरले पाहिजेत, आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत अकराच्या अकरा उभे दिसले पाहिजेत. मागच्या वेळी भांडून निम्मे निघून आले होते, म्हणून हे सांगतो. तेवढं झालं तर मैदान राहील. जिंकायला मी सांगत नाही. तेवढा मी भाबडा नाही."

"पण सर, मीच का?"

"तुम्ही हॉकी खेळलेले आहात ना?"

आता याला खेळणं म्हणायचं का, हा प्रश्न आहे. विद्यार्थी असताना मी याच मैदानावर राखीव खेळाडू होतो. राखीव म्हणजे फारच राखीव. माझी काठी सगळ्यांत चकचकीत असायची, कारण तिला चेंडू लागत नसे, तेलच लागत असे. मैदान मला पायांपेक्षा बसण्यानं जास्त ओळखत होतं. पण त्या बसण्यातही काय सुख होतं. संध्याकाळचं ऊन कलतंय, गवत भिजवून रोलर फिरवलेला, काठ्यांना लावलेल्या जवसाच्या तेलाचा वास येतोय, आणि लांबून चेंडूवर काठी बसल्याचा तो एकच कोरडा आवाज. एकदा चेंडू हद्दीबाहेर उसळून एका मुलीच्या सायकलच्या चाकात गेला. मारणारा वेगळाच होता, पण आणायला अर्थातच राखीव खेळाडूला पाठवलं. त्या मुलीनं मला मनसोक्त झापलं. तिनं नंतर माझ्याशी लग्न केलं, पण झापायचं काही सोडलं नाही. त्या मैदानावर पत्र्याची शेड? मी प्राचार्यांना हो म्हणून बसलो.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "अहो, तुम्ही पडदा लावलात तर दांडी दोनदा खाली येते. तुम्ही टीम उभी करणार?"

"अकराच तर लागतात."

"घरात आपण चौघं आहोत. एक दिवस चौघांना एका वेळी जेवायला बसवून दाखवा, मग अकराचं बघू."

शेजारी एक काका राहायचे. हवामान खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना हवामानकाका म्हणत. ते गॅलरीतून सगळं ऐकत होते. आमच्या घरातलं काहीही ऐकायला त्यांना गॅलरी पुरायची.

"खेळाडू कधी तोंडावरून निवडू नये," ते म्हणाले. "टाचेवरून निवडावा. बुटाची टाच आतून झिजली असेल तर डावीकडे ठेवा. बाहेरून झिजली असेल तर घरी पाठवा."

"आणि दोन्हीकडून?"

"मग नवीन बूट घ्यायला सांगा. उद्या चाचणी ठेवलीय ना? आभाळ कोरडं राहील. मुलं येतील, पण मनापासून येणार नाहीत."

मुलं आली, आणि अगदी मनापासून आली. कारण मी नोटिशीत 'निवड झालेल्यांना हजेरीत सवलत' असं लिहिलं होतं. हॉकी म्हणजे काय हे ठाऊक नसलेली मुलंसुद्धा हजेरी म्हणजे काय हे जाणून होती. एकजण पांढरीशुभ्र पँट घालून आला आणि ती मळेल म्हणून कडेकडेनं पळाला. एकाला हॉकीचा सगळा इतिहास पाठ होता, कुठल्या साली कुणी कुणाला किती गोलांनी हरवलं ते घडाघडा सांगायचा. चेंडू दिला तर त्यानं तो वनस्पतिशास्त्राच्या बागेत मारला आणि तिथली दुर्मिळ कुंडी फोडली. एकजण डावखुरा होता. हॉकीच्या काठ्या उजव्याच असतात हे कळल्यावर तो अन्याय झाल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला, जणू काठ्या मीच बनवतो.

आता यातून निवड कशी करायची? हॉकी कळणाऱ्या माणसानं दोन दिवस नुसतं पाहिलं असतं आणि बोट दाखवलं असतं. पण मी पडलो शिक्षक. शिक्षकाला माणूस पारखायचा म्हटलं की एकच गोष्ट सुचते. मी परीक्षा घेतली. धावणं, चेंडू अडवणं, चेंडू मारणं, याला वेगवेगळे मार्क ठेवले. वीस मार्कांचा लेखी पेपरही काढला. त्यात 'पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय ते आकृती काढून स्पष्ट करा' असा माझा आवडता प्रश्न होता. निकाल गुणवत्तेप्रमाणे लावला. हे इथवर ठीक होतं. घोटाळा पुढे झाला. कोण कुठल्या जागेवर खेळणार हे ठरवायला मी प्रवेशाची पद्धत वापरली. पहिल्या आलेल्यानं हवी ती जागा घ्यायची, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं.

पहिला आला तो इतिहासवाला, लेखी पेपराच्या जोरावर. त्यानं सेंटर फॉरवर्ड घेतली. दुसरा म्हणाला, मलाही सेंटर फॉरवर्डच हवी, जागा वाढवून मिळेल का? तिसऱ्यानं आपलं नाव प्रतीक्षायादीत लिहायला सांगितलं. पांढऱ्या पँटवाल्यानं लेफ्ट आउट घेतली, कारण तिकडे चेंडू कमी येतो असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. असं करत करत पुढच्या जागा भरल्या, मधल्या भरल्या, आणि गोलकीपरची जागा उरली ती सगळ्यांत शेवटी आलेल्या मुलाला. हे पोर इतकं बारीक होतं की पॅड बांधल्यावर दोन पॅड चालत येतायत आणि मध्ये कुणी नाही असं वाटायचं. वर त्याला चेंडूची भीती. चेंडू आला की तो नम्रपणे बाजूला व्हायचा आणि जाऊ द्यायचा.

दुसऱ्या दिवशी माझ्या घरी पालक यायला लागले. एक आई आली, मुलाला बरोबर घेऊन. तो बाहेर चपला सांभाळत उभा राहिला.

"सर, याला चेंडू मारण्यात तुम्ही शून्य दिलंत."

"वहिनी, त्याचा चेंडू गोलच्या बाहेरून गेला."

"उत्तर चुकलं असेल, पण पद्धत बरोबर होती ना? गणितात तुम्ही पद्धतीला मार्क देता. तो कपाट तुम्ही तसाच पास केलात, सगळ्यांना माहीत आहे."

आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. मी पद्धतीचे मार्क दिले. मग दुसरा विद्यार्थी आला आणि म्हणाला, खेळाडूंना विद्यापीठाच्या परीक्षेत जादा मार्क मिळतात, तर या परीक्षेतही मिळायला हवेत. मी म्हटलं, अरे, पण खेळाडू आहेस का हेच तर बघतोय. तो म्हणाला, जादा मार्क दिले की मी खेळाडू होतो. मी गणिताचा माणूस, तरी मला यातली चूक लगेच सापडेना.

सराव सुरू झाला आणि गोलकीपरनं पहिल्याच आठवड्यात जागा बदलून मागितली. मी हेडक्लार्कांकडे गेलो, कारण खेळाडूंची नावं विद्यापीठाला त्यांच्यामार्फत जायची. हेडक्लार्क चष्मा कपाळावर ठेवून बोलायचे.

"जागा बदलता येणार नाही. गोलकीपर म्हणून नाव गेलंय. पाहिजे तर नाव काढून टाकता येईल."

"काढलं तर दहा राहतात."

"ते आमच्याकडे नाही. ते क्रीडा विभागाकडे."

"क्रीडा विभाग मीच आहे."

"मग स्वतःला विचारा," ते म्हणाले आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. म्हणजे बोलणं संपलं.

बारक्या पोरानं माझा प्रश्न सोडवला. एका संध्याकाळी चेंडू त्याच्या पॅडला लागला, म्हणजे चुकून अडवला गेला, आणि तो पॅड तिथेच सोडून घरी निघून गेला. परत आलाच नाही. आमच्याकडे आता सेंटर फॉरवर्ड व्हायला तयार असलेले पुष्कळ जण होते आणि गोल उघडा होता.

हवामानकाका म्हणाले, "जुनाच माणूस आणा. नवं वारं कधी भरवशाचं नसतं."

जुना माणूस म्हणजे कपाट. पण सामन्यात खेळायचं तर तो कॉलेजचा विद्यार्थी हवा, आणि तो तर माझ्याच कृपेनं पास झालेला. म्हणजे त्याला पुन्हा विद्यार्थी करायला हवं होतं. कपाटाच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. मुलगा पास झाल्याबरोबर त्यांनी त्याला गल्ल्यापाशी बसवला होता. मी गेलो तेव्हा कपाट लहान लहान काड्या पुसून मांडत होता, आणि त्याच्या हातात त्या खेळण्यासारख्या दिसत होत्या.

"याला पुढे शिकवायला हवं," मी वडिलांना म्हटलं. "मला याच्यात चमक दिसते."

वडिलांनी मला खुर्चीत बसवलं, एका डोळ्यावर पुठ्ठा धरला आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मी वरच्या ओळी वाचल्या. खालच्या दोन वाचता येईनात.

"ही ओळ?"

"पुसट आहे."

"पुसट नाही, तुमचा नंबर वाढलाय. आणि तुम्हाला माझ्या मुलात चमक दिसली?"

कपाट मान खाली घालून काड्या पुसत होता. माझी लाज आणि त्याची लाज अशा दोन लाजा एकाच दुकानात मावत नव्हत्या. मग वडीलच जरा नरमले. पुठ्ठा बाजूला ठेवत म्हणाले, "खरं सांगू सर, आजवर याच्याबद्दल मला कॉलेजातून निरोप आला तो तक्रारीचाच. याला शिकवा म्हणून सांगायला दारात आलेले तुम्ही पहिले. न्या. पण मी येऊन बघणार हं, खरंच शिकतोय का."

मला तिथंच सांगायला हवं होतं की मला गोलकीपर हवाय. पण त्यांनी हौसेनं चहा मागवला आणि मी तो प्यायलो.

प्रवेशाची मुदत संपत आली होती. सगळे वर्ग भरलेले. एकच जागा शिल्लक होती, ती परदेशी भाषेच्या प्रमाणपत्र वर्गात, कारण तो वर्ग घेणाऱ्या बाई भयंकर कडक होत्या आणि त्यांच्या वर्गात कुणी टिकत नसे. हेडक्लार्क म्हणाले, आधीच्या कॉलेजचा दाखला लागेल.

"आधीचं कॉलेज म्हणजे हेच."

"मग इथूनच घ्या. पलीकडच्या खिडकीत."

पलीकडच्या खिडकीतही तेच बसायचे, दुपारनंतर. आम्ही दुपारनंतर गेलो. त्यांनी दाखला दिला. तो घेऊन आम्ही पहिल्या खिडकीत आलो तर ती दुपारनंतर बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो दाखला उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "ही सही कुणाची?"

"तुमचीच."

"आहे खरी," ते म्हणाले, पण आवाजात संशय होता. त्याच संशयानं त्यांनी बारक्याच्या जागी कपाटाचं नाव विद्यापीठाला पाठवलं.

कपाट गोलमध्ये परत उभा राहिला त्या संध्याकाळी मी जाळीच्या मागे जाऊन नुसता बघत बसलो. चेंडू येत होते आणि परत जात होते. इतिहासवाल्याच्या तोंडचा इतिहास बंद झाला. पांढरी पँट पहिल्यांदा हिरवी झाली. टीम म्हणावी असं काहीतरी दिसायला लागलं.

आणि नेमकं तेव्हाच कपाट अभ्यासाला लागला.

याची कल्पना मला कुणीच दिली नव्हती. परदेशी भाषेत त्याच्यावर आजवर कुणी रागावलेलं नव्हतं, म्हणून असेल. तिथं तो नवा होता. पहिल्या बाकावर बसायचा, मोठ्यानं वाचायचा. चेंडू अडवताना तोंडातल्या तोंडात क्रियापदं चालवायचा. वडील दर आठवड्याला येऊन वर्गाच्या खिडकीतून बघायचे आणि चष्मा पुसत परत जायचे. बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "इतका मेहनती विद्यार्थी मला कधी मिळाला नव्हता. तुम्ही कुठून आणलात?" मी चहाचा कप तोंडाला लावला.

मग सामन्याची तारीख आली. त्याच दिवशी, त्याच वेळी भाषेच्या वर्गाची तोंडी परीक्षा.

कपाट माझ्या घरी आला आणि दारातच उभा राहिला. "सर, मी परीक्षेला बसणार."

"अरे, एक दिवस. मैदान जाईल."

"सर, आजवर मी परीक्षेला बसलो तो नापास होईन म्हणून घाबरत. या खेपेला पास होणार हे मला माहीत आहे. बाबांना पण सांगून बसलोय."

मी बाईंकडे गेलो. बाई म्हणाल्या, "वेळ बदलणार नाही. आजार असेल तर सरकारी दाखला आणा." मी घरी येऊन टेबलाशी डोकं धरून बसलो. बायको कपडे घडी करत होती.

"वेळ बदलत नाही, तर जागा बदला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तोंडीच परीक्षा आहे ना? तोंड तर तो मैदानावरही घेऊन येणार."

दुसऱ्या दिवशी मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मला वाटलं, आता त्याही पेन्सिल काढणार. मग नियमांचं पुस्तक चाळून म्हणाल्या, "नियमात खोलीचा उल्लेख नाही, हे खरं आहे. पण मी उभी राहणार नाही. खुर्ची लागेल. हात असलेली."

सामन्याच्या दिवशी मी स्टाफरूममधून हात असलेली खुर्ची डोक्यावर घेऊन अख्खं मैदान ओलांडून गेलो. प्राचार्य कमिटीच्या लोकांना घेऊन कडेला उभे होते. शेडवाला कंत्राटदारही मोजपट्टी घेऊन आला होता. मी खुर्ची गोलच्या जाळीमागे ठेवली, बाई बसल्या, छत्री उघडली आणि शिट्टी झाली.

परीक्षेची भाषा मला येत नव्हती. पण बाईंनी नंतर सगळं इतक्या वेळा सांगितलं की मला ती आता आल्यासारखीच वाटते. त्यांनी विचारलं, तुझ्या कुटुंबाची माहिती सांग. कपाट पाठमोरा म्हणाला, "माझे वडील चष्मे विकतात. माझी आई," इथं चेंडू आला, तो लाथेनं परत गेला, "माझी आई घरी असते."

"छान. समोर काय दिसतं त्याचं वर्णन कर."

"माणसं येत आहेत. पुष्कळ माणसं येत आहेत. त्यांच्या हातात काठ्या आहेत. ती जवळ आली आहेत."

मग गोल झाला. कपाट त्या भाषेत काहीतरी म्हणाला.

"हे मी शिकवलेलं नाही," बाई म्हणाल्या, "पण व्याकरण बरोबर आहे."

समोरच्या टीमची तक्रार सुरू झाली. त्यांचं म्हणणं, जाळीमागची बाई सांकेतिक भाषेत गोलकीपरला डाव सांगतेय. पंचांनी एकदा बजावलं. बाईंनी छत्रीच्या आडून प्रश्न चालूच ठेवले. सामना संपत आला तेव्हा आमच्यावर पेनल्टी स्ट्रोक बसला. आता गोलकीपर एकटा, मारणारा एकटा. त्याच शांततेत बाईंनी पुढचा प्रश्न विचारला. पंच तरातरा गोलपाशी आले. त्यांचा हात कपाटाला बाहेर काढायला वर उठला होता. म्हणजे दहा. मी धावत गेलो खरा, पण पोचेपर्यंत पंचांनीच तोंड उघडलं.

"काय चाललंय हे?" पंचांनी बाईंना विचारलं.

"तोंडी परीक्षा. शेवटचा प्रश्न राहिलाय. भविष्यकाळाचा."

पंचांचा हात तसाच राहिला. हे पंच एरवी शाळेत शिक्षक होते. त्यांचा चेहरा बदललेला मी डोळ्यांनी पाहिला. कितीही मोठा गुन्हा असो, परीक्षा चालू असताना विद्यार्थ्याला उठवायचं हे शिक्षकाच्या हातून व्हायचं नाही. त्यांनी घड्याळ थांबवलं. मग प्रेक्षकांकडे वळून वर्गातल्या आवाजात म्हणाले, "परीक्षा चालू आहे. शांतता राखा."

सगळं मैदान चिडीचूप झालं. समोरचा खेळाडू चेंडूवरची काठी बाजूला घेऊन ऐकायला लागला. कंत्राटदारानं मोजपट्टी गुंडाळली. कमिटीच्या लोकांमागे चष्म्याच्या दुकानातले वडील उभे होते, टाचा उंचावून.

बाईंनी विचारलं, "उद्या तू काय करशील?"

कपाट विचार करत होता. पॅड बांधलेला, घामानं निथळणारा, जाळीकडे तोंड करून. मग एकेक शब्द नीट जागेवर ठेवत म्हणाला, "उद्या मी दुकान उघडीन. संध्याकाळी मी इथं येईन."

बाईंनी मान हलवली. पंचांनी घड्याळ चालू केलं. स्ट्रोक बसला, चेंडू कोपऱ्यातून आत गेला, आणि थोड्या वेळानं शेवटची शिट्टी झाली. आम्ही किती गोलांनी हरलो ते सांगत नाही, गणिताच्या माणसालाही काही आकडे आवडत नाहीत. प्राचार्य मैदानात आले आणि एकेका मुलाकडे बोट करत मोजत गेले. मग पुन्हा उलट मोजलं.

"अकरा आहेत," ते कमिटीला म्हणाले. मला म्हणाले, "पुढच्या वर्षी परीक्षा खोलीत घ्या."

मैदान राहिलं. आता मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो की ते आपसूक तिकडेच वळतात. परवा फाटकापाशी नवीन वॉचमन होता. त्यानं मला अडवलं.

"आत कुणाला सोडत नाही, आजोबा."

"अरे बाबा, हे मैदान आहे ना, ते माझ्यामुळे राहिलंय."

तो स्टुलावरून उठलासुद्धा नाही. "सगळे हेच सांगतात. ते चष्मेवाले येतात, थोराड आहेत ते, ते म्हणतात मी अकरावा होतो म्हणून राहिलं. एक म्हाताऱ्या बाई येतात, त्या म्हणतात माझ्या परीक्षेमुळे राहिलं. एक मास्तर होते, मागच्या वर्षी गेले ते, ते म्हणायचे मी घड्याळ थांबवलं म्हणून. तुम्ही काय केलंत?"

खरंच, मी काय केलं होतं त्या दिवशी? जागा बदलायची युक्ती बायकोची. ती आता नाही, नाहीतर तिनंच फाटकात उभं राहून मला झापलं असतं. अडवले ते कपाटानं. थांबवलं ते पंचांनी.

"मी खुर्ची आणली होती," मी म्हटलं.

"कसली खुर्ची?"

"बाईंना बसायला. हात असलेली. स्टाफरूममधून डोक्यावर घेऊन."

तो स्टुलावरून उठला आणि कडी काढली.

"खुर्चीचं कुणी बोललं नव्हतं," तो म्हणाला. "जा आत. पण गवत ओलं आहे, बूट काढून जा."

मी बूट हातात घेतले आणि आत गेलो. रोलर नुकताच फिरला होता. गवत पायाला अजून तसंच टोचत होतं.